ज्वलनशील धूळ आणि तापलेले पृष्ठभाग : एका चाचणी सेवेचे परीक्षण

चिकोडी तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या बगॅस (ऊस पिळून उरणारे चिपाड) कन्व्हेअरवरची धूळ आणि बेळगावजवळच्या होनगा औद्योगिक वसाहतीत पिठीसाखर दळणाऱ्या एका छोट्या युनिटमधली भुकटी, असे दोन नमुने मी महाराष्ट्रातील एका खासगी प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. ही धूळ तापलेल्या पृष्ठभागावर साचली किंवा हवेत उडून त्याला भिडली, तर किती अंश सेल्सिअसला पेट घेते, हे मला हवे होते. दोन्ही ठिकाणी सुरक्षा सल्लागार म्हणून माझे काम चालते, त्यामुळे नमुना गोळा करण्यापासून अहवाल हाती येईपर्यंतचा सगळा व्यवहार मी जवळून पाहिला आहे. प्रयोगशाळेचे नाव प्रसिद्धीत वापरण्यासाठी लेखी परवानगी लागते, अशी अट त्यांच्या अहवालावर छापलेली असते. ती परवानगी मी मागितलेली नाही, म्हणून येथे नाव देत नाही. नावापेक्षा सेवा कशी पारखावी हे सांगणे आपल्या भागातील कारखानदारांना अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

कर्नाटकातील सर्वाधिक साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत. त्याखेरीज निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, संकेश्वर भागातील मिरची कांडणाऱ्या गिरण्या, पशुखाद्याचे कारखाने, उद्यमबागेतील फाउंड्री आणि तिथली ग्राइंडिंगची शेडे, असा धुळीचा मोठा कारभार या पट्ट्यात रोज चालू असतो. आग म्हटले की आपल्याकडे वेल्डिंगची ठिणगी, बिडी आणि शॉर्टसर्किट एवढ्यांवर बोट ठेवले जाते. तापलेला पृष्ठभाग मात्र कोणाच्या नजरेत येत नाही, कारण तो ना ज्वाला दाखवतो ना आवाज करतो. ग्रीस संपलेले बेअरिंग, धुळीने मढलेली मोटर, घासत चाललेला पट्टा, ड्रायरची भिंत, लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) निघालेल्या वाफेच्या पाइपचा फ्लँज (जोडाची चकती), ही सगळी अशीच ठिकाणे आहेत. साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात बॉयलरमधून निघणारी वाफ ५०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापलेली असते. त्या पाइपवरचे आवरण हातभर जागेत निघाले आणि तिथे वरून बगॅसची बारीक धूळ पडत राहिली, तर काय होईल, याचे उत्तर अंदाजाने देण्यासारखे नाही.

साखरेबाबत तर या उत्तराची किंमत जगाने मोजलेली आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील इंपीरियल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. त्यात १४ कामगारांचा मृत्यू झाला आणि ३६ जण जखमी झाले. सायलोंच्या (साखर साठवण्याच्या उंच कोठ्यांच्या) खालच्या बोगद्यात पोलादी पट्ट्याचा कन्व्हेअर होता आणि साखरेत काही पडू नये म्हणून २००७ मध्ये त्याला पत्र्यांनी बंदिस्त करण्यात आले होते. त्या बंदिस्त पोकळीत हवेत तरंगणारी धूळ साठत गेली, आणि कन्व्हेअरच्या तापलेल्या बेअरिंगमुळे ती पेटली असावी, असा निष्कर्ष तेथील केमिकल सेफ्टी बोर्डाने काढला. पहिल्या स्फोटाने मजल्यांवर आणि तुळयांवर साचलेली धूळ उडाली आणि मग एकामागून एक स्फोट होत इमारतभर आग पसरली. होनग्याच्या युनिटचे मालक हा प्रसंग ऐकल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. नमुना पाठवण्याचा निर्णय त्यांनी त्याच दिवशी घेतला.

या प्रयोगशाळेबद्दल माझे मत चांगले झाले ते चौकशीच्या पहिल्याच टप्प्यावर. दर विचारण्यासाठी फोन केला, तेव्हा पलीकडच्या तंत्रज्ञ बाईंनी दर सांगण्याआधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. धूळ कुठून गोळा केली आहे, जमिनीवरून, तुळईवरून की डस्ट कलेक्टरच्या पिशवीतून? तिथे थर किती जाड साचतो? किती दिवसांनी झाडतात? ज्या पृष्ठभागाची काळजी वाटते तो कोणता आणि तो साधारण किती तापतो? धूळ हवेत उडण्याची शक्यता आहे का? साखर आहे म्हणजे वितळेल, ते तुम्हाला माहीत आहे ना? यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी दिलेल्या नमुन्याचा अहवाल माझ्याकडे होता. त्यात ‘प्रज्वलन तापमान’ असे शीर्षक आणि पुढे एकच आकडा होता. साचलेला थर की हवेत उडालेल्या धुळीचा ढग, किती मिलिमीटर, ओलावा किती, कोणते प्रमाणक, यांतले काहीच त्यावर लिहिलेले नव्हते. तसला आकडा फायलीत लावता येतो, पण त्यावरून मोटर निवडता येत नाही की झाडलोटीचे वेळापत्रक ठरवता येत नाही.

नमुना कसा घ्यावा याच्या सूचना त्यांनी लेखी पाठवल्या आणि त्या खरोखर कामाच्या होत्या. सर्वांत बारीक धूळ उंचावर बसते, म्हणून जमिनीवरचा केर न भरता तुळयांवरून आणि केबल ट्रेवरून मऊ ब्रशने धूळ गोळा करावी, ती हवाबंद डब्यात भरावी आणि डब्यावर ठिकाण व तारीख घालावी, असे त्यांचे म्हणणे होते. बगॅसच्या बाबतीत ओलाव्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. गिरणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या बगॅसमध्ये सुमारे निम्मे पाणी असते, पण त्यातील हलका पिथ (उसाच्या गाभ्याचा भुसा) उडून छताखालच्या तुळईवर बसला आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली तापला, की तो कापसासारखा कोरडा होतो. पावसाळ्यात खानापूरकडून येणाऱ्या दमट हवेत तीच धूळ पुन्हा ओल धरते. त्यामुळे जुलैमध्ये घेतलेल्या नमुन्यावरून गाळप हंगामाच्या अखेरच्या दिवसांचा धोका मोजणे योग्य नाही. आम्ही नमुना हंगाम संपत आल्यावर घेतला, आणि प्रयोगशाळेने मिळालेल्या स्थितीतील ओलावा व सुकवून चाळल्यानंतरचा ओलावा असे दोन्ही अहवालात स्वतंत्र नोंदवले.

चाचणी पाहायला येऊ का, असे विचारल्यावर त्यांनी आनंदाने होकार दिला. थराची चाचणी दिसायला अगदी साधी आहे. विजेवर तापणारी धातूची एक जाड गोल प्लेट असते, तिच्यावर १०० मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर उंचीची कडी ठेवतात आणि त्या कडीत धूळ भरतात. प्लेटमध्ये एक थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) असतो आणि दुसरा, तारेसारखा बारीक, प्लेटच्या दोन-तीन मिलिमीटर वर, म्हणजे बरोबर थराच्या पोटात ताणलेला असतो. तंत्रज्ञाने बगॅसची धूळ चमच्याने कडीत अलगद सोडली, कडेने थोडी जास्त झाली ती सरळ पट्टीने एका फटक्यात सपाट केली आणि वरून बोटही टेकवले नाही. दाबलेल्या थराची घनता बदलते आणि घनता बदलली की उष्णता आत कोंडण्याचे प्रमाण बदलते, असे तो म्हणाला. प्रत्येक वेळी नवा थर, प्रत्येक वेळी प्लेट स्वच्छ. ज्या शिस्तीने तो हे करत होता ते पाहून आकड्यावर विश्वास बसला.

थर पेटला असे कधी मानायचे, याची व्याख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात दिलेली आहे. धूळ डोळ्यांना धगधगताना किंवा ज्वालेने जळताना दिसली, किंवा थराचे तापमान ४५० अंशांवर गेले, किंवा ते प्लेटपेक्षा २५० अंशांनी वर चढले, तर पेट घेतला असे समजतात. २८० अंशांवरच्या चाचणीत संगणकाच्या पडद्यावर थराची रेघ हळूहळू प्लेटच्या रेघेला येऊन मिळाली, मग तिच्या थोडी वर गेली, काही काळ तिथेच रेंगाळली आणि पुन्हा खाली आली. थर प्लेटपेक्षा गरम झाला याचा अर्थ असा, की धूळ आता बाहेरून मिळालेल्या उष्णतेवर अवलंबून राहिलेली नव्हती, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ती स्वतःची उष्णता निर्माण करत होती. त्या वेळी मात्र निर्माण होणाऱ्या उष्णतेपेक्षा बाहेर निसटणारी उष्णता जास्त ठरली. २९० अंशांवर नव्या थराने तोच मार्ग धरला, पण या खेपेस रेघ वर गेली ती परत फिरलीच नाही. कडेला तपकिरी वलय उमटले, पातळ धूर सुटला, आणि तंत्रज्ञाने वरचा दिवा मालवला तेव्हा थराच्या मध्याशी चिमूटभर लाल निखारा स्पष्ट दिसला. ज्वाला एकदाही दिसली नाही. कारखान्यात हाच निखारा कन्व्हेअरच्या चौकटीवर तयार झाला असता तर कोणाला कळलेही नसते, आणि पुढे तो पट्ट्यावर पडून बंकरपर्यंत गेला असता.

पिठीसाखरेच्या थराने वेगळाच प्रकार दाखवला. प्लेट तापत गेली तसा पांढरा थर कडेने ओला दिसू लागला, मग खचला, वितळून काकवीसारखा झाला, उकळला, काळा पडला आणि शेवटी फुगीर कोळशाचा पापुद्रा उरला. प्लेटची मर्यादा ४०० अंशांची होती आणि तोपर्यंत प्रमाणकाच्या व्याख्येत बसेल असा पेट साखरेने घेतला नाही. वितळलेल्या साखरेत कणांमधल्या हवेला जागाच राहत नाही, म्हणून आतून धगधगण्याची क्रिया चालू शकत नाही. अहवालात हा निकाल ‘४०० अंशांपर्यंत प्रज्वलन नाही’ एवढाच लिहिला असता, तर मालकांनी साखर सुरक्षित आहे असा अर्थ काढला असता आणि त्यांना दोष देता आला नसता. प्रयोगशाळेने निकालाच्या रकान्यातच नमूद केले की नमुना वितळला, त्यामुळे थराच्या चाचणीचा निष्कर्ष मर्यादित आहे आणि या पदार्थासाठी ढगाच्या चाचणीचा आकडा निर्णायक धरावा. संपूर्ण अहवालातील हे एक वाक्य मला त्यांच्या शुल्काइतके मोलाचे वाटले.

ढगाची चाचणी गॉडबर्ट-ग्रीनवाल्ड या भट्टीत होते. ही उभी नळी असते, बाहेरून तारेच्या वेटोळ्याने तापवलेली आणि खालच्या बाजूने उघडी. वरच्या काचेच्या भागातून दशांश ग्रॅमच्या आसपास धूळ हवेच्या झोताने आत सोडतात आणि खालच्या तोंडातून ज्वाला बाहेर येते का ते पाहतात. सुरुवात ५०० अंशांपासून होते. पेट घेतला तर धुळीचे प्रमाण आणि हवेचा दाब बदलून सर्वांत जोरदार ज्वाला कोणत्या जोडीला येते ते शोधतात आणि मग २० अंशांच्या टप्प्याने खाली उतरतात, ते लागोपाठ दहा प्रयत्नांत ज्वाला येणे थांबेपर्यंत. शेवटी ज्या तापमानाला ज्वाला दिसली त्यातून ३०० अंशांच्या वर असल्यास २० अंश आणि त्याखाली असल्यास १० अंश वजा करून आकडा लिहितात. नुसत्या ठिणग्या पडल्या तर त्या धरत नाहीत. पिठीसाखर आत सोडल्यावर नळीच्या तोंडातून पिवळी जीभ भसकन बाहेर आली, तेव्हा थराच्या चाचणीत ती किती निरुपद्रवी वाटली होती, हे आठवून मालकांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला.

आमच्या नमुन्यांचे आकडे येथे देतो, पण ते कोणी आपल्या कारखान्यासाठी उसने घेऊ नयेत, कारण कणांचा आकार, ओलावा आणि भेसळ बदलली की आकडे बदलतात. बगॅसच्या धुळीचा ५ मिलिमीटर थर २९० अंशांना पेटला आणि तिच्या ढगाचा आकडा ४२० आला. पिठीसाखरेच्या ढगाचा आकडा ३६० आला. यांतून यंत्राच्या पृष्ठभागाची कमाल मर्यादा काढण्याची रीत अशी आहे : ढगाच्या आकड्याचे दोन-तृतीयांश काढायचे, थराच्या आकड्यातून ७५ अंश वजा करायचे, आणि दोहोंत जो कमी असेल तो पाळायचा. बगॅससाठी पहिल्या हिशेबाने २८० आणि दुसऱ्याने २१५ येतात, म्हणून मर्यादा २१५ अंशांची. साखरेसाठी थराचा आकडा नसल्यामुळे ढगावरून २४० अंश. प्रयोगशाळेने हा हिशेब अहवालाच्या शेवटच्या पानावर करून दिला आणि तो चाचणीचा निकाल नसून मार्गदर्शन आहे, असेही स्पष्ट लिहिले. ही मर्यादारेषा त्यांनी ओढली, हे मला प्रामाणिकपणाचे लक्षण वाटले.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले. २१५ हा आकडा ५ मिलिमीटर थराचा आहे. आपल्या कारखान्यांत धूळ ५ मिलिमीटरवर थांबते कुठे? कन्व्हेअर गॅलरीत बेअरिंगच्या कट्ट्यावर, मोटरच्या पंख्यांमध्ये, केबल ट्रेच्या कोपऱ्यात हंगामाच्या अखेरीस चार बोटे जाड थर मी स्वतः मोजलेला आहे. धुळीचा थर हा उष्णतेचा उत्तम रोधक असतो. थर जितका जाड तितकी आत निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वाट कमी, आणि म्हणून तो तितक्याच कमी तापमानाला पेटतो. फक्त वेळ जास्त घेतो. पातळ थर मिनिटांत निकाल देतो, तर जाड ढीग तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस आतल्या आत तापत राहतो. शिवाय त्याच आवरणामुळे खालचे यंत्रही जास्त तापते. मोटरच्या पाटीवर १२५ अंश लिहिले असले, तरी ती धुळीत गाडली गेल्यावर तेवढीच तापेल हे गृहीत धरता येत नाही.

ही गोष्ट प्रयोगशाळेने आपणहून काढली. आम्ही चौकशीच्या वेळी थराची जाडी प्रामाणिकपणे सांगितली होती, म्हणून त्यांनी दोन जादा चाचण्या सुचवल्या. एक अमेरिकी प्रमाणकानुसार १२.७ मिलिमीटर थराची आणि दुसरी २५ मिलिमीटर थराची. पहिलीत बगॅस २५० अंशांना पेटला, दुसरीत २२० अंशांना. अमेरिकी पद्धतीत पेट घेतल्याची खूण वेगळी आहे, तिथे थर प्लेटपेक्षा ५० अंशांनी वर गेला तरी पुरे होते. त्यामुळे दोन प्रमाणकांचे आकडे एकाच रेषेवर मांडू नयेत, हेही त्यांनी लिहून दिले. तरीही दिशा स्वच्छ आहे. २५ मिलिमीटरच्या आकड्याला तोच ७५ अंशांचा फरक लावला तर मर्यादा १४५ अंशांवर उतरते. बॉयलर हाउसमध्ये १४५ अंशांच्या वर असलेल्या आणि झाडू न पोहोचणाऱ्या जागा किती, याची यादी आम्ही केली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा बरीच लांब निघाली. बगॅस यार्डातील मोठ्या ढिगाऱ्यांसाठी मात्र ही प्लेटची चाचणी उपयोगाची नाही, त्यासाठी तारेच्या जाळीच्या टोपल्यांत वेगवेगळ्या आकाराचे नमुने ओव्हनमध्ये ठेवून करायची चाचणी लागते, आणि ती सुविधा आपल्याकडे नाही असे त्यांनी सरळ सांगितले. नाही त्याला नाही म्हणणारी संस्था मला नेहमीच आवडते.

अहवालाचा उपयोग काय झाला, हेही सांगायला हवे. कारखान्यातील जुने फिटर मामा बेअरिंगची तपासणी हाताने करतात. “साहेब, बेरिंग हात ठेवू देईना झालंय,” असे ते म्हणाले की ग्रीसची बादली निघते. हात ६० अंशांच्या आसपासच माघार घेतो, त्यामुळे ७० अंशांचे बेअरिंग आणि २०० अंशांचे बेअरिंग हाताला सारखेच. त्यांच्या अनुभवाला आता इन्फ्रारेड थर्मामीटरची जोड दिली आहे. चकचकीत स्टेनलेस स्टीलवर हे उपकरण खरे असेल त्यापेक्षा कमी तापमान दाखवते, म्हणून होनग्याच्या युनिटमध्ये मोजायच्या ठिकाणी काळ्या रंगाचे ठिपके दिले आहेत. वाफेच्या पाइपवरील उघडे फ्लँज पुन्हा लॅगिंगखाली गेले. बेअरिंगच्या कट्ट्यांना तिरकस पत्रे बसवले, जेणेकरून धूळ टिकूच नये. कॉम्प्रेस्ड हवा मारून सफाई करण्याची जुनी सवय बंद केली, कारण त्या सफाईने थराचा ढग होतो आणि साखरेच्या युनिटमध्ये तर तोच खरा धोका आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३७व्या कलमाने धूळ साचू न देणे, यंत्रे बंदिस्त करणे आणि पेट देणारी साधने दूर ठेवणे, ही तिन्ही कामे घालून दिलेली होती. अहवालामुळे त्यांना आकड्यांचा आधार मिळाला.

उणिवा सांगितल्या नाहीत तर परीक्षण अर्धवट राहील. अहवाल सांगितलेल्या मुदतीपेक्षा बराच उशिरा आला, आणि उशीर होणार हे त्यांनी आपणहून कळवले नाही, आम्हाला विचारावे लागले. हंगाम सुरू होण्याआधी लॅगिंगची कामे उरकायची असतात, तेव्हा असा उशीर महागात पडतो. थर्मोकपलच्या नोंदींचे आलेख मूळ अहवालात नव्हते, मागितल्यावर पाठवले. माझ्या मते ते अहवालाचाच भाग असायला हवेत, कारण २८० अंशांवर थर काठावरून परत फिरला होता, ही माहिती ‘प्रज्वलन नाही’ या दोन शब्दांत कुठेच उमटत नाही. नमुन्याचे छायाचित्र चाचणीआधीचे होते, नंतरचे नव्हते. वितळलेल्या साखरेचे एक छायाचित्र मालकांना दहा वाक्यांपेक्षा जास्त समजावून गेले असते. आणि अहवाल संपूर्ण इंग्रजीत आहे. ज्या माणसाच्या हातात झाडू आणि ग्रीसगन असते, तो आपल्याकडे मराठी किंवा कन्नड वाचतो. मर्यादा, ठिकाण आणि करायचे काम एवढेच लिहिलेले दोन्ही भाषांतील फलक आम्ही स्वतः तयार करून गॅलरीत लावले. एका पानाचा साध्या भाषेतील सारांश देण्याची सोय प्रयोगशाळेने ठेवली, तर तिच्या कामाचे चीज होईल.

शुल्क प्रत्येक नमुन्याला आणि प्रत्येक चाचणीला वेगळे आहे, जाड थराचे आणखी वेगळे, आणि वर १८ टक्के जीएसटी. छोट्या युनिटला ते जड वाटते, हे मान्य केले पाहिजे. अशा वेळी सगळ्या चाचण्यांचा संच घेण्याची गरज नसते. वितळणाऱ्या पदार्थासाठी आधी ढगाची चाचणी, लाकूड-चिपाडासारख्या धगधगणाऱ्या पदार्थासाठी आधी थराची, असा क्रम या प्रयोगशाळेने स्वतःच सुचवला आणि आमचा खर्च कमी केला. ठिणगीने धूळ पेटायला लागणारी ऊर्जा किंवा स्फोटाचा दाब मोजणाऱ्या चाचण्या त्यांनी आग्रहाने गळ्यात मारल्या नाहीत. डस्ट कलेक्टरची स्फोटझडप (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप) आखण्याची वेळ आली की त्या लागतील, आत्ता नाही, असे सांगितले.

नवीन ग्राहकाने एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता तपासताना प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर थांबू नये. मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ती चाचणीनिहाय असते, म्हणून सोबतच्या यादीत आपली चाचणी त्या प्रमाणकासह आहे का ते पाहावे. या प्रयोगशाळेची ५ मिलिमीटर थराची आणि भट्टीची चाचणी यादीत होती, २५ मिलिमीटरची नव्हती, आणि तिचा निकाल त्यांनी वेगळ्या कागदावर, मान्यतेच्या चिन्हाशिवाय दिला.

निपाणीच्या वखारदारांनी, मिरची आणि हळद दळणाऱ्यांनी, पशुखाद्य बनवणाऱ्यांनी थराच्या चाचणीसाठी अशी सेवा जरूर घ्यावी. उद्यमबागेत ॲल्युमिनियमचे कास्टिंग घासणाऱ्यांनी मात्र नमुना पाठवण्याआधी धातूची धूळ आहे हे फोनवरच सांगावे, कारण ती हाताळण्याची आणि पाठवण्याची काळजी वेगळी असते आणि ओलाव्याशी तिचा संबंध साखर-बगॅससारखा नसतो. मागणीपत्रात तीन गोष्टी आवर्जून लिहाव्यात : प्रत्यक्ष साचणाऱ्या थराची जाडी, त्याखालील पृष्ठभागाचे मोजलेले तापमान आणि नमुना घेतल्याचा महिना. आमच्या बगॅसचा पुढचा नमुना हंगामाच्या मध्यावर, जानेवारीत जाणार आहे, आणि या वेळी थर्मोकपलचे आलेख अहवालासोबतच हवेत, असे मागणीपत्रातच लिहिले आहे.